अटलांटिकवरची रात्र, बिझनेस क्लासची गादी : या चुका टाळा

न्यूयॉर्कहून रात्री साडेनऊला निघणारं विमान सकाळी साडेनऊला लंडनला उतरतं. कागदावर बारा तास. त्यातले पाच घड्याळांच्या फरकात जातात. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उड्डाणाच्या रांगेत अर्धा-पाऊण तास मोडला, की हवेत उरतात सव्वासहा-साडेसहा तास. पेय, स्टार्टर, मुख्य जेवण, गोड, चीज असं सगळं रीतसर केलं तर दोन तास गेले. उतरायच्या दीड तास आधी दिवे लागतात आणि नाश्ता येतो. शिल्लक पावणेतीन तास. ज्या आडव्या होणाऱ्या गादीसाठी एवढे पैसे मोजले, तिचा उपयोग एवढाच.

पहिल्या खेपेला तिकीट कंपनीने काढलं होतं आणि मी ताटात पडेल ते संपवण्याच्या संस्कारात वाढलेला. लाउंजमध्ये खाल्लं, विमानात पुन्हा पाचही पदार्थ खाल्ले, वर एक सिनेमा पाहिला. दुपारी लंडनच्या ऑफिसात क्लायंटसमोर मान खाली पडली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : या मार्गावर पैसा वसूल करायचा तो झोपेतून, जेवणातून नाही.

म्हणून पहिली चूक, विमानात जेवायचं ठरवणं. लाउंजमध्ये सातच्या सुमारास नीट जेवून घ्या, तिथेच सैल कपडे चढवा, दात घासा. विमानात बसल्याबसल्या क्रूला सांगा, ‘जेवण नको, नाश्त्यालाही उठवू नका.’ कुणाला वाईट वाटत नाही, उलट त्यांचं काम कमी होतं. एवढ्यावर साडेचार-पाच तास झोप पदरात पडते. वाइनचे दोन ग्लास घेतले की झोप छान लागते, हा समज सोडा. लागते लवकर, पण मोडतेही लवकर. शिवाय केबिनमधली हवा आधीच कोरडी असते, त्यामुळे मधेच घसा सुकून जाग येते.

जेवायचंच असेल तर स्पेशल मील निदान २४ तास आधी नोंदवा. ते बहुधा इतरांच्या आधी येतं, म्हणजे तुम्ही लवकर मोकळे. पण इथे आपली मंडळी हटकून फसतात. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात चिकन किंवा मटण असू शकतं. शाकाहारींनी एशियन व्हेजिटेरियन मागवायचं, कांदा-लसूण चालत नसेल तर जैन. माझी मावशी एकदा चिकनच्या ताटासमोर बसून बिस्किटांवर लंडनला पोचली होती.

हिवाळ्यात हिशोब आणखी बिघडतो. पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, जोरात असला की विमान पाठीवर वारा घेऊन लवकर पोचतं. फेब्रुवारी २०२०मध्ये एका वादळाच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. इकॉनॉमीवाल्यांना आनंदच झाला असेल. बिझनेसमध्ये जेवत बसलेल्यांची काय झोप झाली असेल, विचार करा! बॉस्टनहून अंतर आणखी कमी, म्हणून तिथे हे सगळं आणखी कडकपणे पाळायचं. आणि पर्याय असेल तर न्यूयॉर्क किंवा शेजारच्या नेवार्कहून सकाळी निघून रात्री लंडनला पोचणारी मोजकी विमानं आहेत. त्यातल्या एखाद्याने जा आणि हॉटेलात झोपा. त्यासाठी बिझनेस क्लासचीही गरज नाही.

सीट निवडताना ‘सगळ्या सारख्याच’ असं धरून चालू नका. १-२-१ मांडणीत (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मधे दोन) अनेक विमानांत एकाआड एक ओळी बदलतात : एका ओळीतली सीट खिडकीला चिकटलेली आणि आडोशाची, पुढच्या ओळीतली थेट वाटेवर. एकट्याने जाताना पहिली घ्या. पाय जिथे सरकवायचे तो कोनाडा काही सीटना इतका अरुंद असतो, की कुशीवर वळताना गुडघा आपटतो. सर्वांत पुढच्या ओळीत तो बहुधा ऐसपैस मिळतो, पण तिथेच तान्ह्या बाळांचे पाळणे लागतात आणि गॅलीची, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराची, खडखडही ऐकू येते. एरोलोपासारख्या साइटवर विमानाचा नेमका नकाशा पाहा. प्रवासाच्या दोन दिवस आधी पुन्हा पाहा, कारण विमान बदललं की तुमची सीटही गुपचूप बदललेली असते.

बसल्यावर बॅग ठेवण्याआधी सीट पूर्ण आडवी करून बघा. मोटर अडली असेल तर दार बंद होण्याआधी क्रू ती रीसेट करू शकतो किंवा दुसरी जागा देऊ शकतो. अटलांटिकच्या मध्यावर, भरलेल्या केबिनमध्ये, फक्त दिलगिरी मिळते.

झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. आत बांधला तर विमान हलायला लागल्यावर क्रू तुम्हाला उठवणारच, पट्टा दिसायला हवा ना.

फोन उशीखाली ठेवू नका. तो फटीतून सीटच्या यंत्रणेत घसरतो. घसरलाच तर सीट अजिबात हलवू नका, मागे नाही की पुढे नाही. चेपलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. बटण दाबून क्रूला बोलवा, त्यांना याचं प्रशिक्षण असतं.

आणि कधी गेटवरच सांगितलं, की जागा नाही, तुम्हाला खालच्या वर्गात बसावं लागेल, तर नुसत्या व्हाउचरवर मान डोलावू नका. युरोपीय किंवा ब्रिटिश विमान कंपनी असेल, तर ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला त्या टप्प्याच्या तिकिटाचे ७५ टक्के परत द्यावे लागतात, तेही ७ दिवसांत. न्यूयॉर्क-लंडन साडेपाच हजारांच्या वर आहे. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि लेखी मागा.

शेवटची चूक जमिनीवरची. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतीय पासपोर्टवर ई-गेट (पासपोर्ट आपणच स्कॅन करायचं स्वयंचलित दार) चालत नाही, माणसांच्या रांगेत उभं राहावं लागतं. तिथून दमून हॉटेलात पोचावं तर खोली दुपारी दोन-तीनला. अंघोळीची गरज मोठी असेल तर विमान कंपनीचं अरायव्हल्स लाउंज (उतरल्यावर वापरायचं लाउंज) आहे का ते आधीच पाहा. झोपायचंच असेल तर खोली आदल्या रात्रीपासून बुक करा. मात्र ‘सकाळी अकराला येतोय’ असं हॉटेलला लेखी कळवा, नाहीतर रात्री पाहुणा आलाच नाही म्हणून ते बुकिंग रद्द करून मोकळे होतात.