जाड्या-रड्यांचे शेवटचे चित्रपट: कोणते, कोणत्या क्रमाने आणि कसे पाहावेत

लॉरेल (रड्या) आणि हार्डी (जाड्या) यांचे 1940नंतरचे चित्रपट बघायला घेणारे बरेच जण नेमके चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. त्यांचा अखेरचा 'अ‍ॅटॉल के' (1951) इंटरनेटवर 'युटोपिया' या नावाने फुकट सापडतो. तो लावला की थोड्याच वेळात लॉरेलचा खंगलेला चेहरा बघवेनासा होतो आणि 'म्हातारपणी यांच्यात काही राम उरला नव्हता' असा शेरा मारून माणूस मोकळा होतो.

शेरा चुकीचा आहे. 1941च्या उन्हाळ्यात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओच्या कामाला लागले तेव्हा लॉरेल 51 वर्षांचा होता आणि हार्डी 49चा. वय नडलं नाही. नडलं ते हे, की पटकथा, चित्रीकरणाचा क्रम आणि संकलन या तिन्ही गोष्टी लॉरेलच्या हातून गेल्या. हे पडद्यावर डोळ्यांनी दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

पाहायचे चित्रपट नऊ: फॉक्सचे सहा, एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओचे दोन (हे आठही 1941 ते 1945 या काळातले) आणि फ्रान्समध्ये चित्रित झालेला 'अ‍ॅटॉल के'. शेवटचा सोडला तर सगळे एक तास ते सव्वा तासाचे आहेत.

1. आधी मोजमाप ठरवून घ्या

थेट 1941वर उडी मारू नका. आधी त्यांचे जुने निर्माते हॅल रोच यांच्या स्टुडिओतलं काम बघा, नाहीतर पुढे काय हरवलं ते कळणारच नाही. 'द म्युझिक बॉक्स' (1932) अर्ध्या तासाचा आहे, पियानो जिन्यावरून वर चढवण्याचा, आणि त्याला ऑस्करही मिळालं. त्यानंतर रोचकडचे शेवटचे दोन घ्या, 'अ चंप अ‍ॅट ऑक्सफर्ड' आणि 'सॅप्स अ‍ॅट सी'. दोन्ही 1940चे.

'अ चंप अ‍ॅट ऑक्सफर्ड'च्या दोन आवृत्त्या आहेत. अमेरिकेसाठी सुमारे 42 मिनिटांची, आणि युरोपसाठी सुरुवातीला मेजवानीचा प्रसंग जोडलेली, सुमारे 63 मिनिटांची. लांबीची घ्या. लॉरेल बाईचे कपडे घालून मोलकरीण होतो आणि हार्डी बटलर, तो सगळा भाग 42 मिनिटांच्या प्रतीत नाहीच. 'सॅप्स अ‍ॅट सी' 57 मिनिटांचा आहे. त्यात ओलीस ठेवलेले हे दोघे गुन्हेगाराला सुतळीची स्पॅगेटी आणि स्पंजाचे मांसगोळे करून घालतात, आणि ते त्यांनाच खावे लागतात. हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा हसण्यासाठी. दुसऱ्यांदा मोजण्यासाठी: कॅमेरा एका जागी किती वेळ थांबतो, आणि हार्डी प्रेक्षकांकडे बघून किती वेळ नुसता सोसतो.

ते बघणं नुसती लकब नव्हती. रोचच्या स्टुडिओत चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून बघत. जिथे हशा जास्त टिकतो तिथे लॉरेल संकलनात जागा वाढवायचा, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नसे. हार्डीचा चेहरा ती जागा भरून काढायचा. एकट्याने मोबाईलवर बघताना हीच जागा रेंगाळल्यासारखी वाटते आणि चित्रपट संथ आहे असा गैरसमज होतो. म्हणून निदान हे सुरुवातीचे तरी चार-पाच जणांत बसून बघा, एखाद-दुसरं पोर असेल तर फारच उत्तम.

2. टीव्ही नीट लावा

या चित्रपटांची चौकट 1.37 : 1 आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजच्या 16 : 9 टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहायलाच हवेत. 43 इंची पडद्याची रुंदी साधारण 95 सेंटिमीटर आणि उंची साडेत्रेपन्न भरते. त्यात चित्राची रुंदी 73 सेंटिमीटरच्या आसपास यावी. पट्टे नसतील तर दोन शक्यता. एक, चित्र ताणलंय. मग रड्याही जाड्या दिसतो आणि जोडीतला निम्मा विनोद तिथेच संपतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 4 : 3 निवडलं की हे सुटतं. दुसरी शक्यता वाईट: वरून-खालून चित्र कापून पडदा भरलाय. श्रेयनामावलीची अक्षरं वर-खाली छाटलेली दिसली किंवा हॅटचा शेंडा चौकटीबाहेर गेला, तर ती प्रत सोडून द्या, सेटिंग बदलून काही होणार नाही.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, हाणामारीची लय तिने बिघडते. आवाज मूळचाच मोनो आहे, त्यामुळे सराउंडचा उपयोग शून्य. रंग भरलेल्या प्रती टाळा. काही युरोपीय डीव्हीडी सेकंदाला 24ऐवजी 25 चौकटींच्या वेगाने चालतात, म्हणून चित्रपट चार टक्के आखूड दिसतो: 74 मिनिटांचा 71चा होतो. एवढ्या फरकाने काही कापलंय असं समजू नका. फरक दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर मात्र कात्री नक्की लागलीय.

3. मधला दुवा: 'द फ्लाइंग ड्यूसेस' (1939)

हा रोचच्या स्टुडिओबाहेर, बोरिस मॉरोस या स्वतंत्र निर्मात्याकडे झाला. 69 मिनिटांचा आहे. रोचचं छप्पर नव्हतं तरी लेखकांत चार्ली रॉजर्स आणि हॅरी लँग्डन ही त्यांच्या घरचीच माणसं होती, आणि चित्रपट उत्तम जमला. म्हणजे नुसता स्टुडिओ बदलल्याने घात झाला नाही. अमेरिकेत याचा स्वामित्वहक्क संपलाय, त्यामुळे निकृष्ट प्रतींचा सुळसुळाट आहे. चेहरे चुन्यासारखे पांढरे आणि कॉलरची कडही दिसत नाही, अशी प्रत लगेच बंद करा.

4. फॉक्सची सुरुवात: 'ग्रेट गन्स' (1941)

1941च्या सुरुवातीला अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या दुसऱ्या विनोदी जोडीचा लष्करी विनोदपट धो-धो चालला होता. फॉक्सलाही तसलाच हवा होता. म्हणून लॉरेल-हार्डीला गणवेश चढवून टेक्सासच्या छावणीत धाडलं. हार्डीच्या विजारीत शिरलेल्या पेनेलोपी नावाच्या कावळ्याची धमाल सोडली, तर इथे हसण्यापेक्षा निरीक्षणच जास्त करायचं आहे.

आधी चेहरे बघा. रोचकडे लॉरेलला पांढुरका, सपाट मेकअप आणि सपाट प्रकाश मिळायचा, सुरकुत्या पुसून त्याचं लहान मूल व्हायचं. फॉक्सने सर्वसाधारण मेकअप केला आणि पन्नाशीचा माणूस पन्नाशीचा दिसू लागला. रडक्या चेहऱ्याचं पोर रडलं तर हसू येतं. प्रौढ माणूस तसाच रडला तर बघणारा अवघडतो.

मग आजूबाजूची माणसं. रोचच्या जगात जेम्स फिन्लेसन, एडगर केनेडी, मे बुश हे सहकलाकार सगळेच थोडे चक्रम होते, त्यामुळे हे दोघे त्यात खपून जायचे. फॉक्सच्या जगात बाकी सगळे शहाणे, आणि हेच दोघे दयेस पात्र असे खुळे. शिवाय मध्येच एक तरुण जोडपं आणि त्यांचं प्रेमप्रकरण येतं, तेवढा वेळ जाड्या-रड्या पडद्यावर नसतातच. तशात पाठीमागे सतत वाजत राहणारं रोचचं खेळकर संगीतही नाही.

पडद्यामागची गोष्टही तितकीच महत्त्वाची. रोचकडे शक्यतो कथेच्या क्रमाने चित्रीकरण व्हायचं, म्हणजे सेटवर सुचलेली गंमत पुढच्या प्रसंगात वाढवता यायची. फॉक्समध्ये पटकथा ठरलेली, प्रसंग सोयीनुसार मागेपुढे चित्रित झालेले, आणि संकलनात लॉरेलला विचारतो कोण!

5. क्रम

सालाप्रमाणे जाऊ नका. 1942चा 'अ-हॉन्टिंग वी विल गो' दुसरा लागला की उरलेले बघायची इच्छाच मरते. नावात भुताटकी, चित्रपटात भूत औषधाला नाही. शवपेटी, गुंड आणि दांते नावाचा खराखुरा जादूगार आहे. आगगाडीत या दोघांना नोटांची किंमत वाढवणारं यंत्र विकलं जातं, तो भाग तेवढा बरा. हा शेवटून दुसऱ्या जागी ठेवा.

'ग्रेट गन्स'नंतर थेट 'जिटरबग्ज' (1943) लावा. या काळातला हा सर्वांत चांगला, आणि कारण सोपं आहे: यात दोघांना नेहमीच्या खुळेपणापलीकडचं काही करायला मिळालं. हार्डी अमेरिकेच्या दक्षिणेकडचा रुबाबदार कर्नल बनून येतो. तो मूळचा जॉर्जियाचा, त्यामुळे ते बोलणं, ते झुकणं, बाईचा हात हातात घेणं सगळं अंगचं आहे. लॉरेल श्रीमंत मावशी बनतो. हार्डी-प्रेमी असाल तर कर्नलचा प्रणयप्रसंग मागे घेऊन पुन्हा बघा. एवढ्या जड देहाचा माणूस हातवारे किती हलके करतो ते पाहण्यासारखं आहे.

पुढे 'द डान्सिंग मास्टर्स' (1943). लॉरेल बॅलेच्या झग्यात, आणि लिलावात घड्याळ गळ्यात पडण्याचा प्रसंग, जो 1935च्या 'थिकर दॅन वॉटर'मधून उचललाय. गुंडांत पुढे मोठा नट झालेला तरुण रॉबर्ट मिचम ओळखू येतो. मग एमजीएमचे दोन पटकन उरकावेत. 'एअर रेड वॉर्डन्स' (1943) यात एडगर केनेडीबरोबरची जशास तशी मारामारी आहे, आणि 'नथिंग बट ट्रबल' (1944) यात सुरीने काय, कशानेच न कापलं जाणारं मांस. पहिल्याचे दिग्दर्शक एडवर्ड सेजविक पूर्वी बस्टर कीटनबरोबर, दुसऱ्याचे सॅम टेलर हॅरल्ड लॉइडबरोबर, म्हणजे मूकपटांतल्या बड्या विनोदवीरांबरोबर काम केलेले. माणसं जाणती होती, तरी या जोडीची लय त्यांना सापडली नाही.

6. 'द बिग नॉइज' (1944): दोन प्रती शेजारी ठेवून

1978 मध्ये निघालेल्या एका अमेरिकी पुस्तकाने याला जगातल्या पन्नास सर्वांत वाईट चित्रपटांत बसवलं. तो अन्याय आहे, पण अभ्यासाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. 1929च्या 'बर्थ मार्क्स'मध्ये रेल्वेच्या वरच्या बर्थवर दोघे कपडे बदलायला धडपडतात. इथे तोच प्रसंग आहे, फक्त भरीला एक दारुडा घुसतो. तीच कल्पना विमानातल्या बर्थवर, हवेचे गचके बसत असताना करावी, असं लॉरेलने सुचवलं होतं. स्टुडिओने नाकारलं.

आधी 1929चा प्रसंग पाहा, मग 1944चा, आणि मध्ये चहा घेऊ नका. तिघांची अडचण दोघांपेक्षा जास्त असायला हवी, पण तिसरा आल्याने लक्ष विभागतं. कोणाचा पाय कोणाच्या तोंडाशी हे हिशेबात ठेवताना हार्डीचा चेहराच हरवतो. या युद्धकाळच्या चित्रपटांत जर्मन-जपान्यांविषयीची आणि कृष्णवर्णीय पात्रांची चित्रणं आज खटकतात. मुलं सोबत असतील तर आधीच दोन शब्द सांगून ठेवा.

7. 'द बुलफायटर्स' (1945)

फॉक्सचा शेवटचा, आणि 'जिटरबग्ज'च्या खालोखालचा. लॉरेलची दुहेरी भूमिका: गुप्तहेर आणि त्याच्यासारखाच दिसणारा मेटॅडोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा. बैलाच्या झुंजीची दूरची दृश्यं फॉक्सच्याच 'ब्लड अँड सँड' (1941) मधून आणून जोडलीत. जवळच्या दृश्यांशी ती जुळत नाहीत हे लगेच जाणवतं.

खरा माल आहे अंड्यांच्या प्रसंगात. हाही जुनाच, 1934च्या 'हॉलिवूड पार्टी'तला, पण इथे लॉरेलला हात घालू दिल्याचं स्पष्ट दिसतं. एक जण अंडं फोडतो. दुसरा शांतपणे पाहतो, थांबतो, मग आपलं अंडं निवडतो. कोणी घाई करत नाही, कोणी पळत नाही, आणि कॅमेरा हलत नाही. रोचचा सगळा कारखाना या काही मिनिटांत परत चालू झालेला दिसतो. शेवटचं दृश्य लहान मुलांना जरा भेसूर वाटेल, कारण दोघांच्या मुंडक्यांखाली नुसते सांगाडे उरतात.

8. 'अ‍ॅटॉल के': आवृत्ती निवडल्याशिवाय नाही

'युटोपिया' ही अमेरिकी आवृत्ती आणि 'रॉबिन्सन क्रूसोलँड' ही ब्रिटिश, दोन्ही 82-83 मिनिटांच्या आसपास. जुळवून दुरुस्त केलेली लांब इंग्रजी आवृत्ती 98 ते 100 मिनिटांची आहे. पैसे मोजावे लागले तरी तीच घ्या. फुकटच्या प्रतीत कापाकापीमुळे कथेचे सांधे निखळलेत आणि चित्र धुरकट आहे.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. नट फ्रेंच, इटालियन, इंग्रजी अशा आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर आवाज भरला जाई, म्हणून ओठ आणि शब्द जुळत नाहीत. तो तुमच्या टीव्हीचा दोष नव्हे. काही आठवड्यांचं ठरलेलं चित्रीकरण 1950च्या उन्हाळ्यापासून 1951च्या वसंतापर्यंत लांबलं. मधेच लॉरेलवर पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे एका दृश्यात तो जरा बरा आणि पुढच्यात हाडांचा सापळा, असं होत राहतं. हार्डीचीही प्रकृती बिघडली होती.

तरीही सुरुवातीचा वारशाचा प्रसंग बघाच. टेबलावर नोटांची चळत, आणि वकील कर, फी, खर्च म्हणत एकेक जुडी आपल्याकडे ओढत जातात. लॉरेल ती नोट जाताना नजरेने पोहोचवून येतो आणि परत ढिगाकडे बघतो. इथे शरीर थकलंय, पण वेळेचं गणित जागेवर आहे. पुढे युरेनियम सापडलेल्या बेटावर कायदे नसलेलं राज्य स्थापन होतं, तिथे कथा पसरट होते. कंटाळा आला तर तेवढा भाग दुसऱ्या बैठकीला ठेवा.

एवढ्यावर मन भरलं नाही, तर दोन गोष्टी उरतात. 1943चा 'द ट्री इन अ टेस्ट ट्यूब' हा अमेरिकी कृषी खात्याचा दहा-अकरा मिनिटांचा रंगीत माहितीपट. त्याच्या पहिल्या भागात दोघे खिशातून आणि पेटीतून लाकडापासून बनलेल्या वस्तू काढत राहतात, निवेदक बोलतो, हे गप्प. आणि 'द फायटिंग केंटकियन' (1949): जॉन वेनच्या जोडीला हार्डी एकटा. लॉरेल नसताना तो काय करतो हे बघायचं असेल, तर त्याचे प्रसंग आधी निवडून लावा. उरलेल्या चित्रपटाची सक्ती नाही.