फॅटी लिव्हर निघालं म्हणून लगेच भात सोडू नका

सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठायची सौम्य पायरी) आलं की घरात पहिला फतवा निघतो, उद्यापासून भात बंद! आणि तोच माणूस संध्याकाळी चहासोबत अर्धा बिस्किटपुडा संपवतो. अहो आधी ते बंद करा ना. साखर, कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस यातलं फ्रुक्टोज (साखरेचाच एक प्रकार) बरंचसं लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते.

उलट काही स्टार्च (याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात) नि फायबर लहान आतड्यात पचतच नाहीत, तसेच पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथले बॅक्टेरिया ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट वगैरे फॅटी अ‍ॅसिड तयार होतं जे आतड्याला आणि पर्यायाने लिव्हरला चांगलं. 2023 मध्ये चीनमधल्या फॅटी लिव्हरच्या 200 पेशंटच्या ट्रायलचा रिझल्ट आला, रोज 40 ग्रॅम मक्याचा रेझिस्टंट स्टार्च चार महिने दिला तर लिव्हरमधली चरबी खरंच कमी झाली. पण ती खास पावडर होती हां, घरच्या जेवणातून एवढा डोस होणं अवघड.

तरी घरात करण्यासारखं बरंच आहे. रोजची एक पोळी काढून त्याजागी वाटीभर मटकी नाहीतर चवळीची उसळ घ्या (काढून म्हटलंय, वर नाही). केळी कच्ची असतानाच भाजी करा, पिकली की तोच स्टार्च साखर होतो. जव (बार्ली) रात्री भिजवून सकाळी मुगाच्या खिचडीत तांदळाच्या जागी टाका, त्यात ओट्ससारखंच बीटा-ग्लुकन नावाचं फायबर असतं, आणि मसाला ओट्सच्या पाकिटापेक्षा हे कधीही बरं. भात शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणी दिली तर रेझिस्टंट स्टार्च थोडा वाढतो, थोडाच, म्हणून ताट भरून घेऊ नका, आणि ओट्यावर रात्रभर तर अजिबात ठेवू नका, पोट बिघडेल.

इसबगोल घ्यायचं तर एका चमच्याला मोठा ग्लासभर पाणी, ढवळलं की लगेच प्यायचं, दोन मिनिटं ठेवलं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. थायरॉइडची वगैरे गोळी असेल तर मध्ये काही तासांचं अंतर ठेवा, किती ते डॉक्टरांना विचारा. आणि सगळं एकाच आठवड्यात सुरू केलंत तर गॅसने ऑफिसात बसणं मुश्कील होईल, एकेक वाढवा.

वजन जास्त असेल तर ते सात ते दहा टक्के उतरवणं याला मात्र पर्याय नाही, लिव्हरची सूज त्यानेच हटते. सिरोसिसपर्यंत (लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होतं तिथपर्यंत) गेलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, त्यांचा डाएट पूर्ण वेगळा असतो.