आठ फुटांत भिलाई: स्टील प्लांटचं मॉडेल रेल्वे लेआउट

स्टील प्लांटचं लेआउट करायचं म्हटलं की जो तो आधी ब्लास्ट फर्नेस, म्हणजे ओरमधून लोखंड काढणारी उंच भट्टी, बनवायला बसतो. मीही तेच केलं, दोन महिने घालून झकास फर्नेस उभी केली, रंगवली, बायकोला दाखवली, आणि मग ट्रॅक टाकायला गेलो तर कळलं की खाली लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड नेणारं चाकांवरचं भांडं, उभं करायला उंचीच ठेवलेली नाही. सगळं कापून काढावं लागलं. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, इमारत नंतर, आधी कागदावर माल कुठून येतो आणि कुठे जातो ते काढा.

मी भिलाई घेतलं कारण मामा बीएसपीत (भिलाई स्टील प्लांटमध्ये) होते आणि नागपूरहून सुट्टीत तिकडेच जायचो. रात्री सेक्टरमधल्या क्वार्टरच्या गच्चीवर झोपायचो, मधूनच स्लॅग (भट्टीतून निघणारा वितळलेला मळ) ओतला की अख्खं आभाळ नारिंगी व्हायचं, तेवढं एक दृश्य घरात पाहिजे होतं बस. तुम्ही जमशेदपूर घ्या, राउरकेला घ्या, पण एकच प्लांट धरा आणि एकच काळ धरा, नाहीतर खिचडी होते.

काळ कसा ठरवायचा तर सोपं गणित आहे. एचओ स्केल, मॉडेल रेल्वेचं नेहमीचं माप, म्हणजे १:८७. भिलाईची ओळख म्हणजे रेल्वेचे रूळ, आणि आज तिथून २६० मीटरचे वेल्डेड पॅनल निघतात. भागा ८७ ने, जवळजवळ ३ मीटर आले! माझं अख्खं लेआउट ८ फूट, म्हणजे खऱ्यातले जेमतेम २१२ मीटर. एक रूळ पण मावत नाही हो. पण जुने १३ मीटरचे रूळ घेतले तर १५ सेंटीमीटर, एका सपाट वॅगनवर आरामात बसतात. म्हणून मी १९८० च्या आसपासचा काळ पकडला. पहिली फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती, रशियन मदतीचा कारखाना, तेव्हा १९८० पर्यंत सगळं कसं छान काळवंडलेलं आणि गंजलेलं दाखवता येतं. शिवाय त्या काळात ओपन हार्थ, म्हणजे स्टील बनवायच्या जुन्या पद्धतीच्या, भट्ट्या होत्या, म्हणजे मागे उंच चिमण्यांची रांग, बॅकड्रॉपला यापेक्षा सोपं काही नाही.

आता माल. दल्ली राजहराहून आयर्न ओर येतं, दुसरीकडून कोळसा येतो, त्याचा कोक होतो, त्यात चुनखडी. हे सगळं वरून फर्नेसमध्ये, खालून गरम हवा, आणि तळातून दोन गोष्टी बाहेर, वितळलेलं लोखंड आणि स्लॅग. लोखंड लॅडलमधून स्टील मेल्टिंग शॉपला (तिथे त्याचं स्टील होतं), स्लॅग वेगळ्या भांड्यांतून डम्पला नाहीतर ग्रॅन्युलेशनला (पाण्याने दाणेदार करायला), तिथून सिमेंटवाल्यांना (जामुलचा सिमेंट कारखाना शेजारीच आहे). शेवटी मिलमधून रूळ बाहेर. म्हणजे तुम्हाला कमीत कमी चार साईडिंग (बाजूचे फाट्याचे रूळ) लागतात: ओर, लॅडल, स्लॅग, आणि तयार मालाची. कोक ओव्हनचा मोह टाळा, त्यांची रांग (तिला बॅटरी म्हणतात) लांबलचक असते, सगळी जागा खाते. मी कोक बेल्टवरून येतो असं दाखवलं, एक तिरका कन्व्हेयर मागच्या भिंतीतून आत घुसवला, काम झालं.

बोर्ड मी २ फूट रुंद, ४ फुटांचे दोन तुकडे केले, म्हणजे घर बदललं तर जिना उतरवता येतो. १२ मिमी प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. डावीकडे एक्स्चेंज यार्ड (बाहेरची रेल्वे आणि प्लांट इथे वॅगन देतात-घेतात), मध्ये फर्नेस, उजवीकडे मेल्टिंग शॉप, तेही नुसती भिंत आणि एक अंधारा दरवाजा, लॅडल आत गेलं की गायब. रूळांची मिल तर पाठीमागे सनबोर्डची सपाट शेड, दोन इंच जाड, त्यातून वॅगनचं तोंड बाहेर.

ट्रॅक नेहमीचा, दोन रुळांत १६.५ मिमी अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, तो एचओत १९.३ च्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे आपल्या गाड्या थोड्या अरुंद ट्रॅकवर उभ्या वाटतात, पण रेडीमेड ट्रॅक आणि चाकं हवी असतील तर हे मान्य करा आणि विसरून जा. वळणं १८ इंच त्रिज्येच्या खाली नेऊ नका. प्लांटमध्ये वळणं खरीखुरी टाइट असतात त्यामुळे दिसायला वाईट नाही दिसत, उलट शोभतात. पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) मात्र चांगले घ्या. सावकाश चालणाऱ्या शंटरला (यार्डात वॅगन हलवणाऱ्या इंजिनाला) खराब पॉइंटवर करंट तुटला की तो तिथेच बसतो आणि मग बोटाने ढकला.

आता फर्नेस. वॉल्दर्स या मॉडेल कंपनीचं किट आहे, अमेरिकन पद्धतीचं, पण कस्टम ड्युटी धरून किंमत ऐकली की चक्कर येते. मी स्वतःच बनवली. आकार लक्षात ठेवा, खाली हार्थ (तळ, जिथे लोखंड साठतं) सरळ, मग बाहेर फुगत जाऊन सगळ्यात रुंद पोट, आणि तिथून वर निमुळतं. जाड कार्डशीटचे दोन शंकू तोंडाला तोंड लावून चिकटवले की झालं. पोटाखाली जी गोल जाड पाइप फिरलेली असते, बसल पाइप, गरम हवा तिच्यातून आत जाते, ती म्हणजे बाजारातली जाड प्लास्टिकची बांगडी. खरंच, बांगडीच. माप बघून आणा, फक्त दुकानात कशासाठी हवी हे सांगत बसू नका. फर्नेसच्या गॅसमधली धूळ पकडणारा डस्ट कॅचर म्हणजे कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीला वर एक आणि खाली एक नरसाळं. हवा तापवणारे स्टोव्ह म्हणजे ९० मिमीचा पीव्हीसी पाइप, कारण ८ मीटर व्यासाचा स्टोव्ह १:८७ ला बरोब्बर ९२ मिमी येतो, वर घुमटासाठी प्लास्टिकचा अर्धा बॉल. तीन स्टोव्ह एका ओळीत लावले की लांबून बघणाऱ्यालाही कळतं हा स्टील प्लांट आहे. जुन्या फर्नेसला ओर वर न्यायला तिरका स्किप पूल (ओरच्या डब्यांचा चढता रस्ता) असतो, तो काड्या आणि प्लास्टिक पट्ट्यांचा, याला मात्र वेळ द्या कारण नजर तिथेच जाते.

उंची जशीच्या तशी घेऊ नका. ७० मीटरचं स्ट्रक्चर ८० सेंटीमीटर होतं, २ फुटांच्या बोर्डवर ते बुजगावण्यासारखं दिसतं. मी ५५ वर थांबलो. आणि कास्ट हाऊसचा, म्हणजे फर्नेसमधून लोखंड बाहेर काढतात त्या शेडचा, मजला रुळांपासून निदान ९ ते १० सेंमी वर ठेवा, खालून लॅडल आरामात गेलं पाहिजे, हीच ती चूक जिच्यापायी माझे दोन महिने गेले.

उजेड हा खरा खेळ. दिवाळीत बॅटरीवरच्या पणत्या मिळतात ना, त्यांच्यात लुकलुकणारा एलईडी असतो, तो काढा. पण तो ३ व्होल्टचा, मी थेट १२ व्होल्टला जोडला आणि फुस्स, वास सुटला. १ किलो-ओहमचा रेझिस्टर मध्ये टाका. लोखंडासाठी पिवळा, स्लॅगसाठी नारिंगी, म्हणजे फरक दिसतो, वितळलेलं लोखंड लालभडक नसतं, पिवळट पांढरं असतं, बहुतेक मॉडेलांत हेच चुकतं. नाल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीच्या, वरून पिवळा ग्लास पेंट, खालून एलईडी. खोलीतला दिवा बंद केला की काम फत्ते.

रंगाला महागडी पावडर लागत नाही. किराणा किंवा रांगोळीच्या दुकानातला गेरू ब्रशने सगळीकडे झटका, ओर यार्डात जास्त, स्टोव्हवर कमी, मग मॅट वार्निश. कोळसा कुटून चाळा. काही लोक खरी ओर आणून टाकतात, दिसायला लाजवाब, पण आधी लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा, कण चिकटले तर ती वापरू नका कारण तेच कण नंतर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. गेरूपण ट्रॅकवर नको, चाकं घाण होतात.

एक सूचना, फोटोसाठी प्लांटच्या गेटवर मोबाइल काढून उभे राहू नका, सीआयएसएफचा पहारा असतो, उगाच वाद होतो. सॅटेलाइट मॅपवर वरून सगळी यार्डं, फर्नेसची रांग, स्टोव्ह स्वच्छ दिसतात, ट्रॅक प्लॅन तिथूनच काढा.

इंजिनाला अल्को (अमेरिकन डिझेल इंजिन कंपनी) घराण्यातला कुठलाही शंटर चालेल, आपल्या डब्ल्यूडीएस-६ या शंटिंग इंजिनाचा भास होईल इतपत रंगवा. डब्ल्यूडीएम-२ हे मोठं डिझेल इंजिन ठेवायचं असेल तर ते ओर रेकवर (ओरच्या मालगाडीवर), यार्डापर्यंतच, आत नको, ते २० सेंमी लांब आहे आणि छोट्या साईडिंगमध्ये अडकतं.

चालवताना लॅडल माणसाच्या चालीने न्या. इंजिन आणि भरलेलं लॅडल यांच्यामध्ये एक रिकामी वॅगन लावा, उष्णतेपासून अंतर म्हणून, दिसायलाही खरं वाटतं. डीसीसी (इंजिनाचा डिजिटल कंट्रोल) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सीव्ही ५ (कमाल वेग) कमी करा आणि सीव्ही ३, ४ (वेग घेणं, थांबणं) वाढवा, इंजिन जड झाल्यासारखं हळू निघतं, हळू थांबतं. मी टायमर लावतो, फर्नेस टॅप झाली (लोखंड बाहेर काढलं) की १० मिनिटांत लॅडल मेल्टिंग शॉपच्या दरवाज्यातून आत गेलं पाहिजे, नाहीतर लोखंड गोठलं असं समजायचं. मधेच ओर रेक आडवा आला की मुलगा ओरडतो, बाबा गोठलं, गोठलं! मग ओर रेक मागे घ्या, लॅडलला रस्ता द्या, आणि टायमर परत शून्यावर.