गळकी गच्ची: डागडुजी, लेप की जुना थर उखडायचा?

छताला ओल आली की बहुतेकांचं पहिलं लक्ष जातं ते वॉटरप्रूफिंगच्या डब्याकडे. डबा तूर्त राहू द्या. सपाट किंवा अगदी कमी उताराच्या छपरावर पाणी रेंगाळतं आणि रेंगाळलेल्या पाण्याला केसाएवढी फटही पुरते. ती फट कुठे आहे हे कळल्याशिवाय वर काहीही फासलं तरी पैसे पाण्यात. (हा लेख काँक्रीटच्या स्लॅबबद्दल आहे, पत्र्याचं गणित वेगळं.)

१. पाणी पावसाचंच आहे ना?

ओल कधी वाढते ते वहीत टिपून ठेवा. पाऊस नसतानाही ती तशीच राहत असेल, तर आधी पाइप आणि टाकी तपासा. फक्त थंडीत सकाळी छताला थेंब दिसत असतील, तर ती बहुधा खोलीतलीच वाफ गार स्लॅबला लागून जमलेली असते. गच्ची खोदून काही होणार नाही. पावसानंतर काही तासांनी डाग पसरत असेल, तर चला वर.

२. फट शोधा

डागाच्या बरोबर वर फट सापडेलच असं नाही. कोब्याखाली शिरलेलं पाणी आडवं सरकतं आणि स्लॅबला जिथे चीर असेल तिथून खाली उतरतं. मोकळ्या मधल्या भागापेक्षा सांधे जास्त दगा देतात: कठड्याचा पाया, स्लॅबमधून वर येणारे पाइप, सोलर पॅनलसाठी ठोकलेले बोल्ट आणि सगळ्यात आधी पावसाळी पाइपचं तोंड. तिथली जाळी काढा, गाळ उपसा आणि कडेने बोट फिरवा. पाइप आणि काँक्रीट यांच्यामध्ये गोल फट हाताला लागली, तर निम्मं काम तिथेच झालं.

बारीक भेगांसाठी साधी युक्ती आहे. गच्ची झाडून पूर्ण ओली करा आणि वाळताना पाहत बसा. पृष्ठभाग फिका पडतो, पण भेगेत मुरलेलं पाणी उशिरा सुकतं, म्हणून तिथे गडद रेघ उरते. त्या रेघेवर लगेच खडूची खूण करा, कारण थोड्या वेळाने काहीच दिसत नाही. मग छोट्या हातोडीने हलकं ठोकत फिरा. पोकळ आवाज आला, की थर खालून सुटलाय; त्या भागालाही खडूचं कुंपण घाला.

तरीही संशय राहिला, तर पाइपचं तोंड बंद करून २ ते ३ सेंटिमीटर पाणी २४ तास साठवतात. मात्र १ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो भार. छताचा गिलावा गळून पडतोय, सळया दिसताहेत, अशा घरात ही चाचणी करूच नका. तिथे नळीने उताराच्या खालच्या टोकापासून वर, एकेक भाग भिजवत जा आणि दर वेळी खाली कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा.

३. आता ठरवा

दोष एक-दोन सांध्यांपुरता असेल, तर तेवढाच दुरुस्त करा. पूर्ण गच्चीचं काम गळ्यात मारणारे भेटतीलच. भेग हलती आहे का ते पाहण्यासाठी तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा. काही आठवड्यांत ती तडकली, तर भेग जिवंत आहे. तिच्यात सिमेंट भरलं तर पुन्हा फुटेल. खाच करून पॉलियुरेथेनसारखं लवचीक सीलंट भरावं लागेल.

पाऊस थांबून ४८ तास झाले तरी डबकं हटत नसेल, तर मूळ दुखणं उताराचं आहे. दर मीटरला किमान १, शक्यतो २ सेंटिमीटर उतार हवा. ॲक्रिलिक लेप साचलेल्या पाण्याखाली फार टिकत नाहीत, म्हणून आधी उतार दुरुस्त करा. पण जुन्यावर नवा कोबा चढवत जाऊ नका. १० सेंटिमीटर काँक्रीटचा भार दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो होतो आणि स्लॅबने तो कायमचा पेलायचा असतो.

थर घट्ट, उतार ठीक, फक्त बारीक भेगांचं जाळं असेल, तर लेप पुरेसा आहे. कठड्याच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्या, सांध्यांवर जाळीचं कापड घाला आणि लेप भिंतीवर किमान १५ सेंटिमीटर चढवा. दुसरा हात पहिल्याला आडवा मारा.

बराच भाग पोकळ वाजत असेल किंवा थरांवर थर साचले असतील, तर उखडण्याला पर्याय नाही. खाली ओल अडकलेली असताना वर लेप मारला, की उन्हात तिची वाफ होते आणि लेपाला फोड येतात. ओल तपासायला कोरड्या दिवशी अर्ध्या मीटरचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं, तर लेप मारायला थांबा.

छतावर तपकिरी डाग आणि सळईच्या रेषेत भेगा दिसत असतील, तर आतलं लोखंड गंजतंय. गंज फुगून काँक्रीट फोडतो. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर.

४. काम देताना

पाइपच्या तोंडाशी नेमकं काय करणार, हे ठेकेदाराला आधी विचारा; उत्तर मोघम आलं तर दुसरा बघा. लेपाचे हात किती आणि दर चौरस मीटरला माल किती, हे लेखी घ्या, कारण पातळ करून पुरवलेला लेप दिसायला सारखाच दिसतो. स्लॅब भार पेलण्याजोगा असेल, तर काम वाळल्यावर, फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून पाहा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.