ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवताना पैशाचं गणित कसं बसवावं

हातात चार कामं, पॉलिशच्या खोलीत दोन कपाटं तयार उभी, आणि मजुरीच्या आदल्या दिवशी खात्यात खडखडाट. ऑर्डरप्रमाणे लाकूडकाम करणाऱ्या बहुतेकांनी हा दिवस पाहिला असेल. मीही पाहिलाय. सुरुवातीला एका मोठ्या जेवणाच्या टेबलाचा ॲडव्हान्स आला आणि मी त्यातून रंधा मशीन घेऊन टाकलं. मशीन लागणारच होतं, त्यामुळे चूक केली असं वाटलंही नाही. मग टेबलाचं लाकूड आणायला पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स वापरला, त्याच्यासाठी त्याच्या पुढच्याचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. तिसऱ्या गिऱ्हाइकाने काम दोन महिने पुढे ढकललं आणि सगळ्या टोप्या एकदम खाली आल्या.

नफा त्या तिन्ही कामांत होता. पैसा कधी येतो आणि कधी जातो, हे मात्र मी कधी मांडूनच पाहिलं नव्हतं.

१. भाव काढताना प्रत्येक खर्चापुढे आठवडा लिहा

कोटेशन देताना आपण लाकूड, प्लायवुड, बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या), पॉलिश, मजुरी असं सगळं धरतो. त्याच कागदावर आणखी एक रकाना आखा: हा पैसा कितव्या आठवड्यात जाणार? लाकूड पहिल्याच दिवशी, मजुरी दर आठवड्याला, बिजागऱ्या आणि पॉलिशचं सामान साधारण मधल्या टप्प्यावर.

लाकडाचं माप इथेच नीट धरा. तयार वस्तूत जेवढं लाकूड दिसतं, त्यापेक्षा पाव हिस्सा तरी जास्त आणावं लागतं. गाठी आणि चिरा जास्त असल्या तर त्याहूनही अधिक. २५ मिमीची खडबडीत फळी दोन्ही बाजूंनी रंधून सरळ केली की २० मिमीच्या आसपास उरते. टोकं फाटलेली असतात, ती कापून टाकावी लागतात. ही घट कोटेशनमध्ये धरली नाही, तर वखारीची दुसरी खेप तुमच्याच खिशातून होते, आणि तीही नेमकी पैसे नसलेल्या आठवड्यात.

२. हप्ते कामाच्या टप्प्यांवर बांधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एक काम शंभराचं धरू. लाकूड आणि प्लायवुड ३८, बिजागऱ्या-चॅनेल आणि पॉलिशचं सामान १२, मजुरी २४, भाडं-वीज-पाती वगैरे १२. खर्च ८६, उरले १४. काम सहा आठवड्यांचं, म्हणजे मजुरीचे ४ आणि भाडं-विजेचे २ मिळून दर आठवड्याला ६ जाणार.

आता समजा ३० टक्के ॲडव्हान्स घेतला आणि बाकीचे ७० फिटिंग झाल्यावर. लाकूड आणलं की पहिल्याच दिवशी तुम्ही ८ ने खाली. तिसरा आठवडा संपताना २६ ने खाली. चौथ्यात बिजागऱ्या आणि पॉलिश आलं की ४४, आणि सहाव्याच्या शेवटी ५६. अर्ध्याहून जास्त काम तुम्ही स्वतःच्या पैशाने करून दिलंत. अशी दोन कामं एकत्र चालू असली तर ११२, म्हणजे एका अख्ख्या कामाच्या किमतीहून जास्त पैसा अडकला.

तेच काम ५०-४०-१० असं बांधा. ऑर्डर देताना ५०, ढाचा उभा राहून पॉलिशला जाण्याआधी ४०, फिटिंग झाल्यावर १०. लाकूड आणून हातात १२ उरतात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी फक्त ६ ने खाली. तेवढ्यात ४० येतात आणि शिल्लक ३४ होते. तिथून शेवटपर्यंत तुम्ही खाली जातच नाही. शेवटी नफा तोच, १४. फरक एवढाच की आधी ५६ स्वतःचे घालावे लागत होते, आता ६.

यातून एक ठोकताळा निघतो, तो मी कधी मोडत नाही: शेवटचा हप्ता आपल्या नफ्यापेक्षा मोठा ठेवायचा नाही. १० अडकले तर नफ्यातला भाग अडकला. ७० अडकले तर कारागिरांची मजुरी आणि वखारवाल्याचे पैसे अडकले. आणि फिटिंगनंतर हप्ता रेंगाळायला कारण लागत नाही. दाराला जरासा घासण्याचा आवाज येतो, रंग खिडकीशी वेगळा दिसतो, घरातलं मोठं माणूस गावाला गेलंय.

शेवटचे १० सुद्धा आधीच का घेऊ नयेत, असं काही जण विचारतात. घेता येतात, पण गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी राहिलं की त्याचाही जीव थाऱ्यावर असतो, आणि मधला मोठा हप्ता तो कुरकुर न करता देतो. हा मधला हप्ता मागायला ढाचा उभा राहण्याची वेळ उत्तम. गिऱ्हाइकाला वर्कशॉपवर बोलवा, कप्पे दाखवा, ड्रॉवरची मापं त्याच्यासमोर टेप लावून मोजा. डोळ्यांसमोर वस्तू दिसत असते, बदल सांगायचा तर अजून वेळही असतो.

३. बोलणं कागदावर आणा

दोन पानं पुरतात. मापांसह चित्र, लाकडाचा आणि फिनिशचा प्रकार, हप्ते, कोटेशन किती दिवस ग्राह्य, आणि गिऱ्हाइकाची सही. पॉलिशचा नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून त्याच्या पाठीवर सही घ्या. ‘मला जरा गडद हवं होतं’ हे वाक्य तिथल्या तिथे मिटतं.

आणखी दोन ओळी हव्यातच. पहिली: वस्तू तयार असल्याचं कळवल्यावर सात दिवसांत गिऱ्हाइकाची जागा तयार नसेल, तर फिटिंगचं शेवटचं १० सोडून बाकी सगळं बिल देय होईल. मधला हप्ता लांबलेला असतो तेव्हा ही ओळ कामाला येते. रंग चालू आहे, फरशी बसायची आहे असं म्हणत तयार कपाट महिनाभर तुमच्या वर्कशॉपमध्ये राहतं, जागा अडवतं आणि धूळ खातं.

दुसरी ओळ बदलांची: बदल लेखी, त्याचा भाव आधी, आणि पैसे पुढच्या हप्त्यात. ‘फक्त हँडलच तर बदलायचंय’ हे मी अनेकदा हसून ऐकून घेतलंय. दाराला ९६ मिमी अंतरावर छिद्रं पाडून झालेली असतात आणि नवं हँडल १२८ मिमीचं निघतं. जुनी छिद्रं बुजवली तरी व्हिनियरवर, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर, ठिपके दिसतात. मग दारच नवं. हँडलच्या भावात दार देत बसायचं नसेल, तर तो कागद हवा.

४. ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा

ॲडव्हान्स ही कमाई नव्हे, काम पूर्ण होईपर्यंत ते देणं आहे. वेगळं खातं उघडा आणि त्या कामाचं लाकूड, सामान, मजुरी तिथूनच भागवा. काम संपलं की उरलेला नफा मुख्य खात्यात. बिलावर कर लावत असाल तर तोही याच शिस्तीने बाजूला काढा. तो तुमचा कधीच नव्हता. मशीन घ्यायचं तर झालेल्या कामांच्या नफ्यातून, नाहीतर रीतसर कर्ज काढून. आणि स्वतःचा पगार ठरवून घ्या, लहान का असेना. गल्ल्यातून लागेल तसं उचलत राहिलं की वर्कशॉप नफ्यात आहे की तोट्यात, हे मालकालाच कळत नाही.

५. १३ आठवड्यांचा तक्ता मांडा

वहीत मांडा किंवा कॉम्प्युटरवर. दर आठवड्याला चार आकडे: सुरुवातीची शिल्लक, येणार, जाणार, शेवटची शिल्लक. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने, एवढं पुढचं दिसलं तरी पुरे. येणारे पैसे गिऱ्हाइकाने सांगितलेल्या तारखेच्या एक आठवडा पुढे लिहा, जाणारे मात्र अगदी तारखेला. कुठल्याही आठवड्यात शेवटची शिल्लक उणे दिसली, तर आधीच कळल्यामुळे वेळ हातात आहे: एखादं छोटं काम आधी उरकता येईल, वखारवाल्याशी मुदतीचं बोलता येईल, नव्या कामाची सुरुवात सरकवता येईल. हीच गोष्ट मजुरीच्या आदल्या दिवशी कळली तर उसनवारीशिवाय काही हातात नसतं.

वखारवाल्याची उधारी वाईट नाही. फक्त तिची मुदत तुमच्या मधल्या हप्त्याच्या पुढची हवी.

६. थकलेला हप्ता पहिल्याच दिवशी मागा

संकोच इथेच महागात पडतो. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, आणि मोघम बोलणं नाही. ‘पैशाचं जरा बघा’ यावर ‘हो, बघतो’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं बोला: ‘ताई, कपाटाचा ढाचा तयार आहे, दुसरा हप्ता काल यायचा होता. तो आला की बुधवारी पॉलिशला घेतो. नाहीतर पुढचं काम आधी लावावं लागेल, मग तुमचा नंबर दोन आठवड्यांनी.’ आवाज चढवायची गरज नाही. आणि सांगितल्याप्रमाणे बुधवारी पैसे नसतील, तर ढाच्यावर चादर टाकून खरोखरच पुढचं काम टेबलावर घ्या.