पत्ता पुन्हा जुन्याच नकाशात उघडण्यासाठी

फोन अद्ययावत केल्यावर व्हॉट्सॲपवर आलेला पत्ता नेहमीच्या गूगल मॅप्सऐवजी भलत्याच नकाशात उघडू लागला, तर जुने ॲप काढून पुन्हा बसवण्याच्या खटाटोपात पडू नये.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'च्या यादीतून तो नवा नकाशा निवडावा आणि 'डीफॉल्ट' असा उल्लेख असलेल्या ओळीत (प्रत्येक फोनवर शब्द थोडे वेगळे असतात) जाऊन तेथील निवड पुसून टाकावी. त्यानंतर तोच पत्ता उघडला की कोणते ॲप हवे, असे फोन सहसा विचारतो. तेव्हा जुने ॲप निवडून 'नेहमी' या पर्यायावर बोट ठेवावे. घाईत हमखास 'फक्त एकदा' दाबले जाते आणि उद्या पुन्हा तोच वैताग येतो.

मधल्या काळात नव्या ॲपमध्ये साठवलेली ठिकाणे मात्र जुन्यात आपोआप येत नाहीत. ती गाडी सुरू करण्यापूर्वीच भरून घ्यावीत.