भरलेले कपाट सरकवण्यापूर्वी

घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट हलवायची वेळ आली की दोन-तीन जण एकदम अंग लावतात, कपाट जागचे हलत नाही, आणि मग कुणाच्या तरी झटक्याने ते कर्रकन सरकून फरशीवर काळा ओरखडा उमटतो. आमच्या घरी असा ओरखडा आजही आहे. तो टाळायचा असेल तर जोर लावण्याआधी किती जोर लागेल ते मोजून घ्यावे. त्यासाठी शाळेत शिकलेले बल, घर्षण आणि कार्य एवढे पुरेसे आहे.

पत्र्याच्या डब्यात तांदूळ भरून डब्यासह वजन 10 किलो करावे. कपाटाचे पाय लोखंडी असतात म्हणून डबाही पत्र्याचाच घ्यावा. डब्याला तळाजवळ दोरी बांधून तिला प्रवासी बॅगा तोलण्याचा काटा अडकवावा आणि दोरी जमिनीला समांतर ठेवून हळूहळू ओढावे. काट्यावरचा आकडा 2, 3, 4 असा चढत जातो, तरी डबा ढिम्म राहतो. समजा 5 किलोला तो सुटतो, आणि सुटताच आकडा 4 किलोच्या आसपास उतरतो. पहिला आकडा स्थितिक घर्षणाचा, दुसरा गतिक घर्षणाचा. दोन्हींना 10 ने भागले की 0.5 आणि 0.4 हे आपल्या फरशीचे घर्षणांक मिळतात. वस्तू हलवायला लागणारा जोर ती चालू ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, म्हणून कपाट एकदा निघाले की मध्येच थांबू नये. थांबलात की मोठा आकडा पुन्हा भरावा लागतो.

आता कपाटाकडे वळू. रिकामे कपाट 60 किलोचे आणि आतले सामान 40 किलोचे धरले, तर भरलेले कपाट हलवायला 50 किलोभार (म्हणजे काटा 50 किलो दाखवेल इतका जोर) आणि चालवायला 40 किलोभार लागेल. रिकामे केले तर हेच आकडे 30 आणि 24 होतात. ढकलणाऱ्याच्या पायांचा विचारही इथेच करावा, कारण आपण कपाटाला जितके रेटतो तितकेच ते आपल्याला मागे रेटते आणि तो रेटा पेलते ते तळव्याखालचे घर्षण. 60 किलोच्या माणसाच्या रबरी तळाच्या चपलेचा घर्षणांक 0.6 धरला तर त्याचे पाय 36 किलोभारापर्यंत टिकतील आणि त्यापुढे घसरतील. म्हणजे भरलेले कपाट त्याला एकट्याला हलवता येणारच नाही, मग दंडात कितीही बळ असो. मोजे घालून तर हे काम मुळीच करू नये.

आता कार्य किती होते ते पाहू. एक किलोभार म्हणजे 9.8 न्यूटन, म्हणून रिकामे कपाट 3 मीटर सरकवायचे असेल तर बल 24 × 9.8, म्हणजे सुमारे 235 न्यूटन, आणि कार्य 235 × 3, म्हणजे सुमारे 705 ज्यूल. 24 किलोची गोणी 3 मीटर, म्हणजे साधारण एक मजला वर चढवण्याइतके हे कार्य आहे; फरक इतकाच की गोणीत ती ऊर्जा साठून राहते आणि कपाटाच्या बाबतीत तिची उष्णता होऊन ती फरशीत आणि पायांत जिरते. भरलेल्या कपाटाला 1,176 ज्यूल लागतील. कपाट हललेच नाही तर विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. तरीही माणूस दमतो, कारण ताणलेले स्नायू नुसता जोर धरून ठेवण्यासाठीही ऊर्जा खर्च करत राहतात.

दिशेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वाकून 30 अंश खाली रेटा दिला तर त्या रेट्याचा काही भाग कपाट जमिनीवर दाबण्यात जातो, घर्षण वाढते, आणि 235 न्यूटनच्या जागी सुमारे 353 न्यूटन लावावे लागतात. म्हणून हात जमिनीला समांतर ठेवावेत. पण हात किती उंचीवर ठेवावेत? कपाट मध्यावर समतोल आहे असे मानले, तर ढकलण्याच्या दिशेतील तळाच्या लांबीच्या निम्म्याला स्थितिक घर्षणांकाने भागावे. त्या उंचीच्या वर रेटले तर कपाट सरकण्याऐवजी कलंडू लागते. 45 सेंटीमीटर खोल कपाट समोरून ढकलायचे असेल तर ही मर्यादा 22.5 ÷ 0.5, म्हणजे 45 सेंटीमीटर, जेमतेम गुडघ्यापर्यंत येते. तेच कपाट 90 सेंटीमीटर रुंद असेल आणि बाजूने ढकलले, तर मर्यादा 90 सेंटीमीटर होते. म्हणून कपाट शक्यतो बाजूने, कमरेखाली हात ठेवून ढकलावे. घरात लहान मुले असतील तर हा नियम कसोशीने पाळावा.

राहिली जुनी गोधडी. एकाने कपाट किंचित तिरपे धरावे आणि दुसऱ्याने दुमडलेली गोधडी पायांखाली सारावी, बोटे आत जाऊ न देता. पुष्कळांना वाटते की गोधडीमुळे वजन पसरते म्हणून कपाट हलके सरकते, पण कोरडे घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर जवळजवळ अवलंबून नसते; इथे बदलतात ते घासणारे पृष्ठभाग. तांदळाचा डबा गोधडीवर ठेवून काटा पुन्हा लावावा. गतिक घर्षणांक 0.2 आला तर रिकाम्या कपाटाला 12 किलोभार पुरेल आणि 3 मीटरला सुमारे 353 ज्यूल लागतील. कपाट भिंतीला लावण्याआधी, हात मागे जाईल इतकी जागा असतानाच, गोधडी काढून घ्यावी.